हेबियस कॉर्पसमधला ‘तू’ : मोरो रघुनाथ प्रकरण, १८२८-२९

१ एप्रिल १८२९ रोजी मुंबईचं सुप्रीम कोर्ट बंद झालं. संप नव्हता, साथ नव्हती, सरकारने टाळंही ठोकलं नव्हतं. कोर्टात उरलेल्या एकमेव न्यायाधीशाने, सर जॉन पीटर ग्रँट यांनी, स्वतःच कामकाज थांबवलं. माझा हुकूम कुणी बजावू देणार नसेल तर या खुर्चीत बसून मी करू काय, असा त्यांचा एकूण सूर होता. भांडणाच्या मुळाशी होता पुण्यातला एक चौदा वर्षांचा मुलगा आणि दोन लॅटिन शब्द.

या प्रकरणाचा उल्लेख कायद्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत एका परिच्छेदात उरकलेला असतो: राजाचं कोर्ट विरुद्ध कंपनी सरकार, कंपनी जिंकली, पुढचा धडा. मला मात्र ते व्याकरणाचं प्रकरण वाटतं, आणि हे मी गमतीने म्हणत नाही.

दोन शब्द

हेबियस कॉर्पस म्हणजे ‘शरीर हजर करा’, हे वकिलीच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगतं. मराठीत आपण ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ म्हणतो. कोर्टाच्या आवारात मात्र हा शब्द फारसा कानावर पडत नाही. तिथे ‘हेबियस टाकली का?’ असंच विचारतात.

कॉर्पस म्हणजे देह. सोसायटीच्या पुनर्विकासात बिल्डरकडून मागतात तो कॉर्पस फंड आणि महापालिकेला म्हणतात ते कॉर्पोरेशन, दोन्ही त्याच घरातले. एकात पैशांचा देह, दुसऱ्यात माणसं एकत्र येऊन झालेला देह. या शब्दाला फारसं कोडं नाही.

गंमत पहिल्या शब्दात आहे. ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणं, बाळगणं. ‘हाबेआस’ हे त्याचं द्वितीय पुरुषी एकवचन, आणि आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर विध्यर्थ. म्हणजे ‘हजर करा’ असा सरळ आज्ञार्थ त्यात नाही. ‘तुझ्याजवळ असावा’ असं ते रूप आहे. आज्ञा आधीच्या क्रियापदात येते. जुन्या लॅटिन हुकमाचा ठरीव साचा असा: ‘प्रेसिपिमुस तिबि’, आम्ही तुला आज्ञा करतो, ‘क्वोद कॉर्पुस’, की अमक्याचा देह... मग मध्ये बरंच काही येतं आणि शेवटाकडे ‘हाबेआस कोराम नोबिस’, आमच्यासमोर तुझ्याजवळ असावा. क्रियापद मागे ठेवायची ही सवय मराठी माणसाला लगेच ओळखीची वाटेल. सगळं वाक्य मराठीत आणलं तर साधारण असं होईल:

‘आम्ही तुला आज्ञा करतो की, अमक्याचा देह, जो तुझ्या ताब्यात असल्याचं सांगतात, तो त्याला पकडल्याच्या दिवसासह आणि कारणासह आमच्यासमोर तुझ्याजवळ असावा, आमचं न्यायालय त्याच्याबाबत जे ठरवेल ते सोसण्यासाठी आणि स्वीकारण्यासाठी.’

यातल्या ‘सांगतात’ या शब्दावर मी दर वेळी थांबतो. लॅटिनमध्ये तिथे ‘उत दिसितुर’ आहे, ‘असं म्हणतात’. हुकूम कुणालाही दोषी धरत नाही. तुझ्याकडे माणूस आहे असं आमच्या कानावर आलंय, तर घेऊन ये आणि कारण सांग, एवढंच.

आता सर्वनामं पाहा. ‘आम्ही’ म्हणजे राजा, कारण हुकूम त्याच्या नावाने निघतो. ‘तू’ म्हणजे ज्याच्या ताब्यात माणूस आहे तो. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय तो बंदी वाक्यात तृतीय पुरुषात, जवळजवळ सामानासारखा येतो. ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ या आपल्या प्रतिशब्दात बंदी आहे, त्याला डोळ्यांसमोर आणणंही आहे. ‘तू’ तेवढा गळालाय. आणि मोरो रघुनाथ प्रकरण त्या ‘तू’वरच अडलं.

हत्यार आधी, हक्क नंतर

या हुकमाचा जन्म स्वातंत्र्याच्या कळवळ्यातून झाला, असं पुष्कळदा सांगितलं जातं. तसं ते नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखाद्याला कोर्टात आणून उभा करायची ती कारकुनी सोय होती. कैद्याला साक्षीला आणायचं असेल तर ‘अद तेस्तिफिकांदुम’, खालच्या कोर्टातून कैद्यासह त्याचं प्रकरणच वर ओढून घ्यायचं असेल तर ‘कुम काउसा’, म्हणजे ‘कारणासह’. हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका कोर्टाने दुसऱ्या कोर्टाचा कैदी पळवायचा आणि त्यातून आपला वरचष्मा दाखवायचा, हा उद्योग या हुकमाने शतकानुशतकं केला. माणसाची सुटका हा बराच काळ त्यातला जोडफायदा होता.

राजसत्तेला जाब विचारण्याचं काम त्याच्याकडे आलं सतराव्या शतकात. १६२७ मध्ये पहिल्या चार्ल्सला सक्तीचं कर्ज द्यायला नकार देणारे पाच सरदार तुरुंगात गेले. हेबियस कॉर्पसला उत्तर आलं, ‘राजाच्या खास आज्ञेवरून’, आणि न्यायाधीशांनी त्यांना परत तुरुंगात पाठवलं. त्या संतापातून पुढच्या वर्षी राजाच्या अधिकाराला लगाम घालणारी पिटिशन ऑफ राइट आली आणि १६७९ मध्ये हेबियस कॉर्पसचा कायदा. लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांसमोर सॉमरसेट हा गुलाम टेम्स नदीतल्या जहाजावरून आणला गेला आणि १७७२ मध्ये मोकळा झाला. तिथे ‘तू’ होता जहाजाचा कप्तान. तुरुंगाधिकारी नव्हे, सरकारी नोकर नव्हे, खासगी माणूस. म्हणजे घरात, जहाजावर, वाड्यात कुणी कुणाला अडवून ठेवलं असेल तरी हा हुकूम जाऊ शकतो.

इंग्लंडच्या कोर्टांतून लॅटिन १७३३ मध्ये गेली. त्यामुळे पुण्याला निघालेला कागद इंग्रजीत होता. लॅटिन फक्त नावात उरली होती.

वाडा आणि कोर्ट

मुंबईचं सुप्रीम कोर्ट १८२४ मध्ये सुरू झालं. आजच्या दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाशी त्याचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही. ते इंग्लंडच्या राजाचं कोर्ट होतं. त्याचा अधिकार चालायचा मुंबई बेटावर, आणि बेटाबाहेर ब्रिटिश प्रजाजनांवर व कंपनीच्या नोकरीतल्या माणसांवर. बाकी मुलखात कंपनीच्या स्वतःच्या अदालती होत्या. फोर्टमध्ये लायन गेटसमोर ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग म्हणून जी जुनी इमारत आहे, तिथे हे कोर्ट भरायचं. आज तिच्यासमोरून जाणाऱ्या दहांतल्या एकालाही तिच्याकडे बघायची सवड नसते.

१८२८ मध्ये कोर्टात तीन न्यायाधीश होते: मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट, सर चार्ल्स चेंबर्स आणि नवे आलेले ग्रँट. वेस्ट यांचं नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल; जमिनीच्या खंडाचा सिद्धांत रिकार्डोच्या सुमारास मांडणारे ते हेच. स्कॉटलंडमधले जमीनदार ग्रँट घरी कर्जाचा डोंगर करून इकडे आले होते. आणि गव्हर्नर होते सर जॉन माल्कम.

माल्कम हे नाव पुण्याला नवं नव्हतं. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती यांच्यासमोर, आणि आठ लाखांचं पेन्शन कबूल केलं तेही यांनीच. पेशवाई जाऊन दहा वर्षं झाली होती. बाजीराव बिठूरला होता, पण त्याचे सरदार, त्यांचे वाडे, त्यांचा मान आणि त्या मानाचा रुसवा पुण्यातच होता. दक्षिणेतल्या सरदारांना सामान्य अदालतीत खेचू नये म्हणून त्यांच्यासाठी वेगळा एजंट नेमलेला होता. ज्या माणसाने ही मोडकी सत्ता हळुवार हाताने गुंडाळून ठेवली, त्याला तिला धक्का लागलेला चालणार नव्हता.

धक्का दिला तो मुंबईहून आलेल्या एका कागदाने. मोरो रघुनाथ हा मुलगा पुण्यात पांडुरंग रामचंद्र यांच्याकडे होता. ते आजोबांच्या पिढीतले त्याचे नातलग आणि पालक, पुण्यातलं बडं प्रस्थ. मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवलंय, अशी शपथेवरची तक्रार मुंबईच्या कोर्टात पोचली आणि कोर्टाने पांडुरंग रामचंद्रांच्या नावे हेबियस कॉर्पस काढला.

पुण्याच्या बाजूने जरा बघू या. हा गृहस्थ मुंबईत राहत नाही, ब्रिटिश नाही, कंपनीचा नोकर नाही. घरातलं पोर घरात आहे. आणि बोरघाटापलीकडच्या बेटावरून इंग्रजीतला एक कागद येतो की, इंग्लंडचा राजा तुला एकेरीत सांगतोय, पोराला घेऊन मुंबईला ये. त्या काळी घाटातून गाड्यांचा धड रस्ताही नव्हता. तो १८३० मध्ये याच माल्कमनी खुला केला.

त्याच सुमारास दुसरा एक हुकूम ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्याकडे गेला होता, कंपनीच्या अदालतीच्या हुकमाने डांबलेल्या बापू गणेश नावाच्या कैद्यासाठी. तुरुंगाधिकाऱ्याने दिलेलं उत्तर न्यायाधीशांना अपुरं वाटलं. ज्या अदालतीने कैद सांगितली तिचा अधिकार त्यात नीट मांडलेला नव्हता. इथे ‘कुम काउसा’चा जुना खेळ आठवल्याशिवाय राहत नाही. एक कोर्ट दुसऱ्या कोर्टाच्या तुरुंगात हात घालत होतं.

वेस्ट ऑगस्टमध्ये वारले. ३ ऑक्टोबर १८२८ ला माल्कम आणि त्यांच्या कौन्सिलने उरलेल्या दोघा न्यायाधीशांना पत्र लिहिलं. मतलब सरळ होता: असे हुकूम आम्ही मुलखात चालू देणार नाही, आणि वरून निर्णय येईपर्यंत तुम्हीही ते काढू नयेत. गव्हर्नरने न्यायाधीशांना कोर्टाच्या कामाबद्दल पत्र लिहावं! दोघांनी भर कोर्टात त्या पत्राचा समाचार घेतला. या भिंतींच्या आत देव आणि राजा यांच्याखेरीज आमच्या वर कुणी नाही, कंपनी इथे आली तर तिलाही साध्या पक्षकाराइतकाच मान मिळेल, असं चेंबर्सनी ऐकवलं. दहाएक दिवसांत चेंबर्सही गेले. दोन महिन्यांच्या आत कोर्टाचे तीनांतले दोन न्यायाधीश मातीआड झाले आणि ग्रँट एकटे उरले.

एकटा माणूस हट्टाला पेटला की मागे वळत नाही. पहिला हुकूम पाळला गेला नाही तर पुढचा निघतो, त्यालाही लॅटिन नाव आहे: ‘अलियास’, म्हणजे ‘आम्ही पूर्वीही सांगितलं होतं त्याप्रमाणे’. तोही पाळला नाही तर ‘प्लुरिएस’, म्हणजे ‘आम्ही कितीदा तरी सांगितलं त्याप्रमाणे’. आमच्याकडे आई तिसऱ्यांदा हाक मारते तेव्हा तिचा आवाज प्लुरिएसचा असतो. ग्रँट प्लुरिएसपर्यंत गेले. पांडुरंग रामचंद्र आले नाहीत, मोरो आला नाही, आणि सरकारने बळ पुरवायला साफ नकार दिला. कोर्टाकडे स्वतःचं सैन्य नसतं, हे त्या दिवसांत मुंबईला फार उघडपणे दिसलं. मग १ एप्रिल उजाडला.

लंडनचं उत्तर

ग्रँटनी राजाकडे अर्ज केलाच होता. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. हेबियस कॉर्पस हा राजाचा विशेषाधिकार: माझ्या प्रजाजनाला कुणी का अडवलंय हे मला कळलं पाहिजे. कंपनीच्या मुलखावर सार्वभौमत्व राजाचं, हे १८१३ च्या कायद्यात लिहिलेलं. म्हणजे पुण्याचा मोरो राजाचा प्रजाजन, आणि राजाचे न्यायाधीश मुंबईत बसलेले. मग हुकूम पुण्याला का जाऊ नये?

राजाच्या वतीने असे अर्ज ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८२९ मध्येच निकाल दिला, आणि तो ग्रँटच्या विरुद्ध गेला. हा हुकूम मुंबईचं कोर्ट कुणाच्या नावे काढू शकतं? एक, जो कोर्टाच्या स्थानिक हद्दीत राहतो त्याच्या. दोन, हद्दीबाहेर असला तरी जो व्यक्तिशः कोर्टाच्या अधिकाराखाली आहे त्याच्या. इतर कुणाच्या नाही. कंपनीच्या अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्याला, तो त्या अदालतीचा अधिकारी आहे म्हणून हुकूम काढता येणार नाही, आणि त्या अदालतींना अधिकार आहे हे उत्तरात लिहिलेलं असो वा नसो, सुप्रीम कोर्टाने आपणहून लक्षात घेतलंच पाहिजे.

या निकालाची मांडणी नीट वाचली की दिसतं, देह कुठे आहे याला त्यात फारशी जागाच नाही. बंदी राजाचा प्रजाजन आहे की नाही, यालाही नाही. प्रश्न एकच: ज्याला ‘तू’ म्हणून हाक मारली, तो या कोर्टाचा ‘तू’ होता का? ग्रँट ‘आम्ही’वर भर देत राहिले, राजा किती मोठा, त्याचा हात किती लांब. निकाल लागला ‘तू’वर. माझ्या मते कायद्याच्या काट्यावर निकाल चुकीचा म्हणता येत नाही. ज्या सनदेने हे कोर्ट स्थापलं तिच्यात हद्द आखलेली होती, आणि ती ग्रँटना दिसत नव्हती असंही नाही. पण माल्कमच्या बाजूनेही टाळी वाजवाविशी वाटत नाही. त्यांना सरदारांच्या मानाची काळजी होती, आणि ज्या मुलाच्या नावाने सगळं चाललं होतं तो कोर्टासमोर आलाच नाही. तो वाड्यात राजीखुशीने होता की नाही, हे ज्या एका प्रसंगातून कळलं असतं तो प्रसंगच घडला नाही.

निकालाच्या आधी, फेब्रुवारीत, लंडनहून लॉर्ड एलनबरो यांनी, म्हणजे कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाच्या अध्यक्षांनी, माल्कमना एक खासगी पत्र धाडलं होतं. दोन नवे न्यायाधीश पाठवतोय, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमधला रानटी हत्ती होईल, अशा अर्थाचं. ते पत्र फुटलं आणि छापूनही आलं. न्यायाधीशांना सरकार काय समजतं, हे इतक्या मोकळेपणी लिहिलेलं क्वचितच हाती लागतं. ग्रँट पुढे मुंबई सोडून कलकत्त्याला गेले आणि तिथल्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाले.

‘तू’चा पुढचा प्रवास

१८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि कंपनीची सदर अदालत यांच्या जागी मुंबई हायकोर्ट आलं. तरी पुण्याच्या वाड्यापर्यंत हेबियसचा हात लगेच पोचला नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४९१ कलमात हायकोर्टांना तसा अधिकार होता, पण तो मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांच्या हद्दीपुरता. १९२३ च्या दुरुस्तीने तो हायकोर्टाच्या अपिली हद्दीभर पसरला. ग्रँट ज्यासाठी कोर्ट बंद करून बसले, ते मिळायला चौऱ्याण्णव वर्षं गेली.

राज्यघटनेच्या ३२ आणि २२६ या अनुच्छेदांनी हा अधिकार पक्का केला. गंमत अशी की जुनी अडचण नव्या कपड्यात परत आली. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साका वेंकटराव प्रकरणात सांगितलं की, मद्रास हायकोर्ट दिल्लीत बसलेल्या निवडणूक आयोगाला हुकूम देऊ शकत नाही, कारण आयोग त्या हद्दीत नाही. तिथे हुकूम हेबियसचा नव्हता, पण प्रश्न तोच, ‘तू’ राहतोस कुठे? तो सोडवायला १९६३ ची पंधरावी घटनादुरुस्ती लागली. जिथे दाव्याचं कारण घडलं तिथल्या हायकोर्टालाही हुकूम काढता येईल, असं तिने केलं.

‘देह आणणं’ मात्र सैल होत गेलं. १९७३ मध्ये कनू सन्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हुकमाचा सगळा इतिहास उलगडून सांगितलं की, कैदेची वैधता तपासायला कैद्याला प्रत्यक्ष कोर्टात उभं केलंच पाहिजे असं नाही. कॉर्पस नसला तरी चालेल. ‘तू’ने कारण सांगितलं पाहिजे. १९७६ च्या आणीबाणीतल्या जबलपूर प्रकरणात बहुमताने तेवढंही सोडून दिलं: आणीबाणीत कैदेविरुद्ध हेबियस टाकताच येणार नाही, असं ठरवलं. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असं लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव. पण त्या प्रकरणावर इतकं लिहिलं गेलंय की इथे एवढंच पुरे.

मोरोच्या जवळचं एक प्रकरण मात्र सांगायला हवं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलंच एक तान्हं मूल आलं. आई आजारात गेलेली, मूल मावशांकडे, आणि वडिलांनी मुंबई हायकोर्टात हेबियस टाकलेली. मावशांचं म्हणणं, हा ताब्याचा वाद आहे, पालकत्वाच्या कायद्याखाली दिवाणी कोर्टात जा. आम्ही काय तुरुंगाधिकारी आहोत? कोर्टाने ऐकलं नाही. नातलगांकडचं मूल हाही हेबियसचा विषय होऊ शकतो म्हणालं, मुलाचं हित कशात आहे ते पाहिलं आणि मूल वडिलांकडे देण्याचा हायकोर्टाचा हुकूम कायम केला. मावशांनाही भेटीची वाट ठेवली.

त्या हुकमातला ‘तू’ मावशी होती. ती कोर्टात आली, तिने कारण सांगितलं, आणि मुलाचं काय हा प्रश्न विचारला गेला.